रात्रपाळी

हा माका केसांना लावायचा नव्हे.
हा कंद, मुळ्याच्या भावकीतला,
मुठीत मावेल एवढा, पिवळा, लाल, काळा.
हुनिनच्या पठारावर होतो,
जिथे झाड म्हणून उगवत नाही
आणि परका माणूस दर शंभर पावलांवर
आपलाच श्वास शोधत थांबतो.

काढणी झाली की हा उघड्यावर पडून राहतो.
दिवसा ऊन, रात्री दंव,
पुन्हा ऊन, पुन्हा दंव,
दोन-तीन महिने,
आतलं पाणी सोडून खडा होईपर्यंत.

तोवर कुणीतरी जागायचं.
गेल्या साली रेमिहिओच्या खळ्यातून
एका रात्रीत नऊ पोती गेली,
राखणीच्या कुत्र्यासकट.

म्हणून सातुर्निना गवताच्या खोपटात बसते.
टॉर्च, शिट्टी, शेणाची धग,
आणि मोबाइल, जो फक्त
कुंपणाच्या कोपऱ्यातल्या दगडावर चढलं
तरच बोलतो.

तिची पाळी जाऊन आता वर्ष होईल.
सांगून गेली नाही.
दोनदा परत आली,
विसरलेलं काही न्यायला आल्यासारखी,
मग आलीच नाही.
आता तिच्या जागी हे येतं :
मध्यरात्री छातीतून उठलेला जाळ
मानेवर, कानांत, थेट टाळूत.
बादलीतलं पाणी गोठलेलं
आणि ही शाल फेकते, स्वेटर फेकते,
पातळ पोलक्यावर दंवात उभी राहते.
अंगातून वाफा निघतात.
समोरच्या उतारावरून अपोलिनार शिट्टी मारतो :
कोण आहे?
ती शिट्टी मारते : मीच.
त्याने काय पाहिलं, काय नाही,
सकाळी दोघंही त्यावर बोलत नाहीत.

मुलगी, लूसमिला, लिमाला असते.
कारखान्यात. तिलाही रात्रपाळी.
माका तिथे भुकटी होऊन पोहोचतो,
यंत्र कॅप्सूल भरतं,
ही झाकणं तपासते, रात्रीत चार हजार.
परवा तिने लेबलाचा फोटो पाठवला :
समुद्रकाठी एक बाई डोळे मिटून बसलेली,
कपाळावर एकही आठी नाही.
खाली काय लिहिलंय गं?
'ताण हलका. हार्मोन्सचा तोल. शांत झोप.'
शांत काय?
झोप, आई.
दोघी हसल्या.
लूसमिला जरा जास्त वेळ हसली,
आणि मग ते हसणं राहिलं नाही.

आई, चार महिने झाले, मला पाळी नाही.
नाही, तसलं काही नाही, तपासलंय.
डॉक्टरीण म्हणते, रात्रीचा दिवस केलास,
अंगाचं घड्याळ चुकलं. दिवसाचं काम माग.
मुकादम म्हणतो, दिवसासाठी रांग आहे,
तुझी पाळी आली की सांगतो.

दगडावर वारा होता.
सातुर्निनाने एक पाय बदलला,
आणि तिला जे येत होतं तेच विचारलं :
काळा पाठवू की लाल?
आई, इथे पोत्यांनी आहे.
नाकात जातो. पावात लागतो.
उशीला त्याचाच वास.
मग काय पाठवू?
काही नको. माझी दहा मिनिटं सुट्टी आहे.
बोल काहीतरी.

काय बोलायचं?
तळ्याकडची बदकं ओरडतायत, म्हणाली.
नवं कुत्रं भित्रं निघालं, माझ्याच पायांत झोपतं.
लाल कंद अजून ओला आहे, वीस दिवस तरी.
आणि मला आत्ता, या थंडीत, घाम फुटलाय.
पुसला का?
पुसत नाही. बरं वाटतं.

तेवढ्यात उतारावरून शिट्टी आली : कोण आहे?
सातुर्निनाची शिट्टी खोपटातच राहिलेली.
फोनमधून, यंत्रांच्या घरघरीतून,
दोन बोटं तोंडात घालून, लहानपणी शिकवली होती तशी,
कुणीतरी उत्तर दिलं.
पलीकडे एक झाकण पडून घरंगळलं,
कुणीतरी रागावलं,
आणि रेंज गेली.